पाळणाघरातला वैशाख

यंदा वैशाख चैत्रातच येऊन बसला आहे. सकाळची भांडी घासून होतात न होतात तोच अंगणातली फरशी पाय टेकू देत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नाही. खिडक्यांना ओले पंचे लावायचे, वाळले की पुन्हा भिजवायचे, एवढंच दुपारचं काम. आता मला तेही जड जातं.

अशा उन्हात परवा सुमती आली. सुमती माझ्या थोरल्या भावाची, आण्णांची मुलगी. तिला पुण्याच्या एका कचेरीत नोकरी लागली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे, म्हणून पुण्याला जाता जाता आमच्या गावी उतरली. पाया पडली, पाणी प्याली आणि पंख्यानं वारा घेत म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं नोकरी केलीस. मला काहीतरी सांग ना. पहिल्या दिवशी कसं वागायचं, काय करायचं, काय नाही?"

"जेवून घे," मी म्हटलं. "मग बघू."

तिला पिठलं-भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली. ती जेवत होती आणि मी मनात शोधत होते. उपदेश म्हणून हाती काही लागेना. लागला तो एक उन्हाळा.

तेव्हा गावातला तीस सालचा मार्शल लॉ, गोऱ्या लष्कराचा अंमल, उठून फार दिवस झाले नव्हते. गावात माणसं अजून आवाज उतरवून बोलत. मी वर्षभराच्या संसारानंतर कुंकू पुसून माहेरी आले होते. आण्णा कोर्टात कारकून. त्यांनी माझे केसही उतरू दिले नाहीत आणि मला घरात बसूही दिलं नाही. पुण्याला धाडून सुईणपणाचं आणि मुलं सांभाळण्याचं शिक्षण दिलं. मी परत आले तेव्हा गावातल्या एका गिरणीत पाळणाघरासाठी शिकलेली बाई हवी होती. अर्ज केला आणि बोलावणं आलं. घरात मात्र सुतक असल्यासारखं झालं. ब्राह्मणाची विधवा मुलगी गिरणीत जाणार, हे गल्लीतल्या बायकांना पचायला वेळ लागला. काहींना अजूनही पचलेलं नाही.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी आण्णांनी मला ओसरीवर बसवलं. "इतकी वर्षं कोर्टात काढून मी एकच शिकलो," ते म्हणाले. "विचारलं तेवढंच सांगावं. न विचारलेलं सांगणारा साक्षीदार आपलीच केस घालवतो." वहिनी आतून तांब्या घेऊन आल्या. "वन्सं, तिथलं पाणी पिऊ नका. हा घेऊन जा रोज." शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, कुणाला फार लळा लावून घेऊ नकोस, आपलं आपण असावं. पुण्याच्या मेट्रनबाईंनी नखं कापायला सांगितली होती आणि पदर खोचायला. सगळ्यांचं ऐकलं. नव्या माणसाला दुसरं काय करता येतं?

पहाटेच्या भोंग्याला बायका बोळाबोळांतून निघत. काखेत मूल, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मी त्यांच्या मागून चालत होते आणि त्या वळून माझ्या कपाळाकडे बघत होत्या.

गिरणीच्या मागच्या बाजूला, कापसाच्या गोदामाला लागून एक लांबट खोली होती. वर पत्रा. पत्र्याखाली आडवे बांबू आणि बांबूंना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या. पाळणाघर हे नाव दारावरच्या पाटीपुरतं. बायका म्हणत, झोळीची खोली. तिथं रखमा नावाची एक म्हातारी दुपटी धुवायला होती, आणि आता मी.

बायका येत, मूल झोळीत टाकत आणि पळत आपल्या खात्याकडे जात. मी हात पुढे केला की मूल दुसऱ्या अंगाला फिरवत. एकीनं तर पदरानं झाकूनच घेतलं. सकाळच्या पारी विधवेचा हात लेकराला लागायला नको. मला राग आला नाही. माझ्या आईनंही तेच केलं असतं. तेवढ्यात एक काळीसावळी, उंच बाई आली. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि आपली मुलगी सरळ माझ्या हातात दिली.

"धरा बाई. नागू म्हनत्यात हिला."

ती येल्लम्मा. घरी तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरातली. नवरा मागावर होता, तो छातीच्या दुखण्यानं बसला, म्हणून ही गिरणीत रिळं भरायला येऊ लागली. नागू जेमतेम बसायला लागलेली. हातात घेतली तर ओल्या फडक्यासारखी सैल.

पहिल्या दिवशी मला त्या खोलीचं फार कौतुक वाटलं. इतकी मुलं आणि आवाज नाही. झळा लागत होत्या, पत्रा तडतडत होता, पलीकडे साच्यांची, गिरणीतल्या यंत्रांची, घरघर चालली होती, आणि मुलं आपली झोपलेली. मुलांच्या आया रिळाच्या खात्यात, आणि त्या खात्याची नायकीण म्हणजे भागूबाई. बायकांच्या कामावर तिची नजर असे. दुपारी ती डोकावून गेली. "हितली लेकरं लई गुणी हायत की, बाई," म्हणाली. मीही हो म्हटलं. मग एका मुलाच्या पापणीवर माशी बसलेली दिसली. माशी पापणीवरून नाकाकडे चालत गेली आणि मुलाची पापणी हलली नाही.

कोडं उलगडायला फार दिवस लागले नाहीत. सकाळी झोळीत टाकण्याआधी बायका मुलाच्या तोंडात बोट घालत. बोटाच्या नखाला काळं असे. अफू. ती सरकारी दुकानात मिळे, चोरून आणायचं कारण नव्हतं.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. म्हातारे, दमेकरी, भले गृहस्थ. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टोपी काढली आणि डोकं पुसलं.

"बाई, तुम्ही नवीन आहात," ते म्हणाले. "नव्या माणसानं पहिल्या उन्हाळ्यात घराच्या खिडक्या उघडू नयेत. उजेड कुठून येतो आणि धूळ कुठून येते, ते आधी बघून ठेवावं."

"पण मुलं?"

"मला ठाऊक आहे. मी इथं आलो तेव्हा मीही विचारलं होतं, पण मुलं?" एवढं बोलून ते पुढच्या झोळीकडे गेले.

जेवणाच्या सुट्टीत बायका नागूच्या झोळीपाशी भाकरीची फडकी सोडून बसल्या तेव्हा मी येल्लम्माला विचारलं, "मुलीला काय देतेस?"

"दूद."

"आणखी?"

ती हसली. "तुमाला ठावं हाय की. मग कशाला इचारता?"

"देऊ नकोस. रडली तर मी बघेन. मी कशाला आहे इथं?"

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "बाई, ही रडली की मला कळतं."

"इथून तुझ्या खात्यात ऐकू कसं जाईल?"

"ऐकू येत न्हाय. पर कळतं. दूद दाटतं, पोलकं भिजतं, हात चालत न्हाय. मग धागा तुटतो. तुटला की भागूबाई बगती." आजूबाजूच्या बायका खाली मान घालून जेवत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आन् रातीला कोन निजू देतंय? सकाळी भोंगा व्हतोच की." भागूबाई दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "माजी बी लेकरं ह्याच्यावरच वाढली, बाई. पाच व्हती. दोन गेली, ती देवानं नेली."

तरी दोन दिवस येल्लम्मानं अफू दिली नाही, माझ्या शब्दाखातर. नागू दिवसभर रडली. तिच्या रडण्यानं दुसरी दोन उठली. मी आणि रखमा एकाला खांद्यावर, एकाला काखेत घेऊन फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी येल्लम्मा आली ती डोळे तारवटलेली. नवऱ्याला रात्री रक्ताची उलटी झाली होती. मूल माझ्या हातात देऊन ती खात्याकडे पळाली. मी नागूचं तोंड उघडून बघितलं नाही. झोपली आहे, एवढंच बघितलं. मलाही त्या सकाळी बरंच वाटलं.

त्या दुपारी गोदामाच्या भिंतीला हात लावला तर पोळत होता. मी झोळ्यांवर पाणी शिंपडत चालले होते. नागूच्या झोळीशी आले आणि थांबले. तिचा एक श्वास झाला आणि दुसरा येईना. आला, तोही उशिरानं, दुरून आल्यासारखा. ओठ जांभळट. उचलली तर मान मागं पडली. पापणी वर केली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पुण्यात हे पुस्तकात शिकवलं होतं. पुस्तकात त्या बाहुलीला नागू म्हणत नव्हते.

डॉक्टरांचा तो दिवस नव्हता, आणि ते गावातही नव्हते, कुर्डुवाडीला मुलीकडे गेले होते. मी रखमाला येल्लम्माला बोलवायला धाडलं. ती धापा टाकत परत आली. "भागूबाई म्हनती, सुट्टी झाल्यावर धाडते. खात्याचा सायब फिरतोय."

पाळणाघरातल्या बाईनं खात्यात पाऊल टाकायचं नाही, असं मला रुजू होतानाच बजावलं होतं. मी रखमाला मुलांपाशी बसवलं आणि नागूला छातीशी धरून निघाले.

आत शिरल्यावर कानांचा उपयोगच संपला. साच्यांच्या रांगा, हवेत तरंगणारा कापूस, आणि त्या कापसानं केस पांढरे झालेल्या बायका. विशी-पंचविशीच्या त्या बायका मला एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मी येल्लम्माच्या समोर जाऊन उभी राहिले. बोलून ऐकू जाणार नव्हतं. मी फक्त मूल पुढे केलं. तिनं बघितलं आणि हात सोडले. धागे तुटत गेले, साचा रिकामा फिरत राहिला. भागूबाई धावत आली. तिचे ओठ हलत होते, बहुतेक मला शिव्याच देत असावी. मग तिची नजर नागूवर गेली आणि ओठ थांबले. तिनं येल्लम्माला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्वतः तिच्या जागी बसून तुटलेले धागे जोडू लागली. खात्याचा साहेब रांगेच्या टोकाशी उभा होता. त्यानं ते सारं पाहिलं होतं.

गोदामाच्या सावलीत आम्ही दोघींनी ती दुपार घालवली. मुलीला निजू द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. मी ओल्या फडक्यानं तिचे तळवे चोळत होते, टिचक्या मारत होते. येल्लम्मा तिच्या कानाशी तेच तेच म्हणत होती, "ले अम्मा, ले. ले अम्मा, ले." ऊठ गं बाई, ऊठ. फाटकावरच्या चहावाल्यानं कोरा चहा दिला, तो मी बोटानं थेंबथेंब तिच्या जिभेला लावला. दोनदा श्वास थांबला. दोन्ही वेळा मी, सुईण नवजात मुलाला फुंकते तशी, तिच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकत राहिले. मधे मला घेरी आली. येल्लम्मानं आपल्या मडक्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्या तोंडाशी धरलं आणि मी ते प्याले. वहिनींचा तांब्या कुठे राहिला होता कुणास ठाऊक.

उन्हं गोदामाच्या पत्र्यावरून उतरली तेव्हा नागूचं तोंड आधी वाकडं झालं. मग एक बारीक, चिरका आवाज आला. मग ती खरंच रडली. येल्लम्मा रडली नाही. तिनं मुलीला पदराखाली घेतलं आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मला आनंद झाला असेल, पण आठवतो तो फक्त थकवा. घरी गेले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी येल्लम्माला फाटकातूनच परत पाठवलं. चालू साचा सोडला म्हणून. मला मॅनेजरसाहेबांनी त्याच्या पुढच्या दिवशी बोलावलं होतं.

संध्याकाळी आण्णा म्हणाले, "सरळ सांग, आईनं लपवून दिलं, मला माहीत नव्हतं. तुझी नोकरी राहील. ती बाई तर गेलेलीच आहे. तिचं आणखी काय जाणार आहे?"

"मला माहीत होतं, आण्णा."

"ते त्यांना माहीत नाही ना? तुला घराबाहेर काढताना मी किती जणांची बोलणी खाल्ली, ते तुला ठाऊक आहे. महिन्याभरात घरी बसलीस तर मी कुणाला काय सांगू?"

त्यांचंही खरं होतं. ते चांगले होते म्हणूनच त्यांचं बोलणं जड गेलं.

मॅनेजरसाहेबांची खोली थंड होती, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. ते म्हणाले, "त्या बाईनं आमच्या आवारात मुलाला अफू दिली. तुम्हाला कल्पना होती?"

"होती साहेब. सगळीच मुलं अफू खातात. एकीला काढून काय होणार?"

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

त्यांनी चष्मा काढला. "मग ती खोलीच बंद करतो. उद्या एखादं मूल दगावलं तर जबाबदारी कुणाची?"

"बंद केली तर मुलं घरी राहतील," मी म्हटलं. "आया अफू देऊन, दाराला कुलूप घालून कामाला येतील. मूल दगावेल ते कुलपाच्या आत दगावेल. साहेबांना कळणार नाही, एवढाच फरक." मग न विचारता आणखीही बोलले. दूध हवं, दोन बायका हव्यात, आणि आयांना दिवसातून दोनदा उठून मुलाला पाजू द्यायला हवं. येल्लम्माला परत घ्या, असंही म्हटलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही जा, कामाला लागा."

काही आठवड्यांनी दूध सुरू झालं. आणखी एक बाई मिळाली, दोन नाही. आयांना सकाळ-दुपार पाजायला यायची मुभा झाली. यातलं किती माझ्या बोलण्यानं झालं आणि किती सरकारी इन्स्पेक्टरच्या फेरीनं, मला सांगता येणार नाही. येल्लम्माला परत घेतलं नाही. चालू साचा सोडल्याला माफी नव्हती.

अफू एकदम सुटली नाही. एकेका मुलाची सुटत गेली, काहींची सुटलीच नाही. पण ज्येष्ठ सरता सरता ती खोली रडू लागली. एक थांबलं की दुसरं, दुसरं थांबलं की चौघं मिळून. माझं डोकं दुखायचं, रखमा कपाळाला फडकं बांधून हिंडायची. बाजूच्या गोदामातल्या कारकुनानं तक्रार केली की पाळणाघराचा फार गोंगाट होतो. भागूबाई दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "लेकराचा आवाज असा असतो, व्हय." ती थट्टा करत होती की नाही, मला कळलं नाही.

त्या पावसाळ्यात मी येल्लम्माचं घर शोधत गेले. ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. नवरा आत खाटेवर. नागू भिंत धरून उभी राहायला शिकली होती.

"बसा बाई," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"राग आहे का माझ्यावर?"

तिनं एक विडी वळून पुरी केली. "तुमी आला नसता तर पोरगी गेली असती. तुमी आला म्हनून काम गेलं. दोन्ही खरं हाय. कुनाचा राग करू?" मग म्हणाली, "हितं ही रडली की उठते, घेते, परत बसते. कोन बगत न्हाय. पर पाठ मोडती बाई, गिरणीपरास जास्त."

मी नागूला घ्यायला हात पुढे केले. तिनं मला ओळखलं नाही. भोकाड पसरून आईच्या पदरात शिरली. मी थोडा वेळ बसले आणि उठले. दुसरा दिवस कामाचा होता.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्या खोलीत काढली. पहिल्या उन्हाळ्यात जे मनाला लागलं तेच पुढे रोज लागत गेलं, फक्त थोडं थोडं. नोकरी म्हणजे रोज कुणाला तरी सांभाळायचं आणि कुणाला तरी सांभाळता येत नाही हे बघत घरी यायचं. हे सुमतीला कसं सांगायचं? कचेरीत तिच्यापुढे झोळ्या नसतील. तरी कुणीतरी तिलाही म्हणेल, तुम्ही नवीन आहात, आधी बघा. ते म्हणणारा माणूस बहुधा भलाच असेल. आणि बघत राहणं खरंच सोपं असतं, थकलेल्या माणसाला तर फारच.

जेवण झाल्यावर मी तिला हे सगळं जमेल तसं सांगत होते. पंचे वाळले होते म्हणून भिजवायला उठले. परत आले तर सुमती चटईवर तशीच कलंडली होती. प्रवासानं दमलेली, तोंड किंचित उघडं. बाहेर ऊन रणरणत होतं. मी खाली बसले आणि हाताची पाठ तिच्या नाकाशी नेली. श्वास आला, गेला, पुन्हा आला. तरी मी हात काढला नाही.